झांबरेसर आणि चुकांचा सत्कार

आमच्या ऑफिसात संगणक चौदा होते. शाली किती होत्या ते कुणालाच माहीत नव्हतं. सर्व्हरच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या वरच्या तीन कप्प्यांत घडी घातलेल्या शाली आणि खालच्या कप्प्यात नारळ असायचे. एसी फक्त त्याच खोलीत होता. जळगावच्या उन्हाळ्यात नारळ तडकतात असं झांबरेसरांचं म्हणणं होतं, म्हणून नारळ थंडाव्यात आणि आम्ही माणसं बाहेर पंख्याखाली.

झांबरेसर आमच्या कंपनीचे मालक. कंपनी केळीच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर करायची. मी तिथे टेस्टर होते, म्हणजे प्रोग्रॅम लोकांच्या हाती जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. पाच वर्षं ते केलं. नोकरी सोडून दोन वर्षं होत आली, तरी त्या गृहस्थाची आठवण निघाली की तोंड कडू होतं. लोक म्हणतात, मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. झांबरेसर जिवंत आहेत, ठणठणीत आहेत आणि दर महिन्याला कुणाला ना कुणाला शाल पांघरतात, तेव्हा मला मोकळेपणाने बोलायला हरकत नाही.

कपाटातल्या शाली कुणासाठी, तर सरांची चूक दाखवणाऱ्यासाठी. चूक दाखवली की सरांचं सगळं ठरलेलं होतं. आधी उजवा हात छातीवर जायचा. मग डोळे मिटायचे. समोरचा बोलून थांबला तरी डोळे आणखी थोडा वेळ मिटलेलेच. मग खिशातून हिरवं पेन निघायचं, डायरीत नोंद व्हायची, आणि घशात काहीतरी अडकल्यासारख्या आवाजात ते म्हणायचे, "फार मोलाचं बोललात. टीका म्हणजे प्रसाद. तो दोन्ही हातांनी घ्यायचा असतो." पहिल्यांदा पाहणारा माणूस विरघळून जायचा. मीही विरघळले होते. आज सांगताना लाज वाटते.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात मला त्यांच्या केळीच्या ॲपमध्ये सदतीस चुका सापडल्या. मी धुळ्याची, बोलायला जरा फटकळ. भीतभीतच यादी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी यादी कपाळाला लावली. खरोखर कपाळाला लावली, मी डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून माझा सत्कार. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, फोटो. फोटो कंपनीच्या ग्रुपवर, खान्देशातल्या प्रोग्रॅमरांच्या ग्रुपवर, सरांच्या भावकीच्या ग्रुपवर. संध्याकाळी धुळ्याहून आईचा फोन आला, सगळ्या गल्लीला फोटो दाखवून झाला होता. "तुन्हा फोटू बठ्ठी गल्लीले दखाडा मी. साहेब भलता देवमाणूस शे तुन्हा!"

महिन्याभराने मी ॲप पुन्हा तपासलं. सदतीसच्या सदतीस चुका जागच्या जागी. शेतकऱ्याचं नाव लांब असलं की आडनाव गायब व्हायचं ते होतंच, आणि रेंज गेली की भरलेली माहिती उडायची तेही होतं. मी सरांकडे गेले. त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या आश्चर्याने पाहिलं.

"ताई, त्याचा तर आपण सत्कार केला ना?"

त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. आणि खरं सांगते, मी पुढे बोलूच शकले नाही. ज्या माणसाने चार लोकांत तुम्हाला शाल पांघरली, ज्याच्यामुळे तुमची आई गल्लीत मिरवली, त्याच्या तोंडावर "काम केलं नाहीत" असं म्हणायला जीभ रेटत नाही. मी टेबलावर परत आले आणि गुपचूप पुढचं काम उघडलं. मला वाटायचं, ही आपलीच भिडस्त वृत्ती. पुढे पाहिलं तर सगळ्यांचं तेच होत होतं.

ॲपचा काही भाग सरांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. कुणीही यावं, कोड वाचावा, चूक दिसली तर तक्रार लिहावी. सर याचा फार अभिमान सांगायचे. कुठून कुठून लोक वाचायचे, तासन् तास घालवून नीट समजावून लिहायचे की अमुक ठिकाणी गडबड आहे, अशी दुरुस्त करा. सर प्रत्येकाखाली हात जोडल्याचं चित्र टाकायचे, "धन्यवाद, आपली सूचना नोंदवली आहे" असं लिहायचे, आणि तक्रार बंद करून टाकायचे. कोडला हात नाही. मी एखादी तक्रार पुन्हा उघडायची, दुपारपर्यंत ती पुन्हा बंद. नवं गिऱ्हाईक आलं की सर पडद्यावर ती यादी दाखवायचे. "बघा, एकही तक्रार शिल्लक नाही."

सरांनी जळगाव आणि धुळ्यातल्या प्रोग्रॅमरांचं एक मंडळ काढलं होतं. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक, एकदा जळगावला, एकदा धुळ्याला. त्यात एक कार्यक्रम असायचा, त्याचं नाव 'आरसा'. एकाने आपला कोड पडद्यावर लावायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. कल्पना चांगली होती. नवी मुलं घाबरायची म्हणून सर स्वतःचाच कोड आधी लावायचे. "मला फाडून खा," असं म्हणायचे. पन्नाशीचा, कंपनीचा मालक असलेला माणूस असं बोलला की पोरांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

धुळ्याच्या एका बैठकीत कल्पनाताई म्हणून एक शिक्षिका आल्या होत्या. शाळेत गणित शिकवायच्या आणि घरी स्वतःच शिकून प्रोग्रॅम लिहायच्या. त्यांनी पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. ॲप तारीख फोनमधून घेतं, फोनची तारीख चुकली तर सगळा हिशेब चुकेल. बरोबर होतं. सरांचा हात छातीवर, डोळे बंद, शाल, नारळ. पुढच्या धुळ्याच्या बैठकीला कल्पनाताई पुन्हा आल्या. तोच कोड, तीच ओळ.

"सर, गेल्या वेळी मी हेच सांगितलं होतं."

मला वाटलं, आता सापडला. सरांनी डोळे उघडले, उठून उभे राहिले आणि सभेला म्हणाले, "याला म्हणतात चिकाटी! एकदा सांगून थांबल्या नाहीत. असा टीकाकार नशिबाने मिळतो." आणि दुसरी शाल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई शाल अंगावर घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. चहाच्या वेळी मला हळूच म्हणाल्या, "मी सांगितलं एक आणि यांनी ऐकलं काय, हेच मला समजेना." त्या पुन्हा बैठकीला आल्या नाहीत. सर मात्र त्यांचं नाव वर्षभर घेत राहिले.

हे सगळं कुठून आलं, तेही सरच सांगायचे. त्यांची ती आवडती गोष्ट होती. तरुणपणी ते पुण्यात एका मोठ्या कंपनीत होते. तिथे परदेशातून आलेल्या साहेबाने त्यांचा प्रोग्रॅम तीस माणसांसमोर ओळीओळीने सोलून काढला. आठ दिवस त्यांना जेवण गेलं नाही. "नवव्या दिवशी मला उमगलं," असं म्हणून सर थांबायचे, "की टीका म्हणजे प्रसाद." मी ही गोष्ट निदान वीस वेळा ऐकली. त्या प्रोग्रॅमचं पुढे काय झालं, तो दुरुस्त केला का, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. माझा आपला अंदाज असा की नवव्या दिवशी त्यांनी ठरवलं, पुन्हा कधी असं जेवण सोडावं लागू नये. त्यासाठी जे करावं लागेल ते त्यांनी केलं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. माझी आई जळगावला आलेली असताना तिच्या छातीत कळ आली, तेव्हा सर स्वतः गाडी घेऊन आले. दवाखान्यात सहा तास बाकावर बसून होते. तिला सफरचंद कापून दिलं. ते नाटक नव्हतं, त्या दिवशी कुणीही फोटो काढत नव्हतं. माणूस सरळ वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण आई बरी झाली आणि मी आणखी वर्षभर गप्प बसले, हेही तितकंच खरं.

आता सुखदेवभाऊंचं सांगते. माझा खरा राग तिथे आहे.

सुखदेव तायडे रावेरजवळच्या एका गावचे. केळी कापणाऱ्या अकरा माणसांच्या टोळीचे मुकादम. तीस वर्षं हेच काम. वेगवेगळ्या गावांची ती अकरा माणसं भाऊंच्या शब्दावर चालायची आणि भाऊंचा शब्द पॅकिंग केंद्रावर चालायचा, म्हणून त्यांना बारा महिने काम असायचं. आमचं ॲप त्या केंद्राने घेतलं होतं. ॲपचं काम असं: केळीच्या झाडातून घड बाहेर पडतो त्याला निसवण म्हणतात. शेतकऱ्याने निसवणीची तारीख भरायची, ॲप त्यात शंभर दिवस मिळवायचं, आणि त्या दिवशी सकाळी केंद्राला आणि टोळीला संदेश जायचा की अमुक बाग कापा. आधी भाऊ बागेत फिरून सांगायचे. आता मोबाईल सांगायचा आणि भाऊ कापायचे.

उन्हाळ्यात ते चालून गेलं. डिसेंबरात थंडी पडली आणि भाऊ सकाळच्या एसटीने जळगावला आमच्या ऑफिसात आले. धुतलेला पांढरा शर्ट होता, पण केळीच्या चिकाचे काळे डाग धुऊन जात नाहीत, ते बाह्यांवर तसेच होते. पोत्यात गुंडाळून त्यांनी दोन फण्या आणल्या होत्या. एकाच बागेतल्या, एकाच दिवशी निसवलेल्या. एक ॲपने सांगितलेल्या दिवशी कापलेली, दुसरी त्यांनी हट्टाने झाडावर ठेवलेली. काचेच्या टेबलावर त्यांनी दोन्हींतलं एकेक केळं विळ्याने आडवं कापलं. चीक काचेवर ओघळला.

"हे पाहा सर. याच्या कडा अजून टोकदार हायेत. गर भरला नाही. थंडीत घड फुगत नाही, त्याले वीस-पंचवीस दिवस जास्ती लागतात. मोबाईल शंभर म्हणते. असा कवळा माल कापला तं पुढं पिकत नाही, नुसता काळा पडते. नाव आमचं खराब होते."

इतकी स्वच्छ तक्रार मी आयुष्यात ऐकली नाही. आम्ही टेस्टर लोक जे पानभर लिहितो ते या माणसाने दोन केळ्यांत दाखवलं. आमच्या प्रोग्रॅमरने तिथेच मान डोलावली. ते दोन दिवसांचं काम होतं. बाग कोणत्या हंगामातली आणि त्या दिवसांत थंडी किती, एवढं विचारात घ्यायचं.

झांबरेसरांचा हात छातीवर गेला होता. डोळे मिटलेले. मला त्याच क्षणी कळायला हवं होतं.

भाऊंचा सत्कार झाला. त्यांनी नको नको म्हटलं, पण मनातून त्यांना बरं वाटलं हे दिसत होतं. तीस वर्षांत त्यांना कुणी खुर्चीवर बसवून शाल दिली नव्हती. फोटोत एका बाजूला सर, मध्ये भाऊ, हातात नारळ, समोर टेबलावर त्या दोन फण्या. सरांनी खाली लिहिलं, 'मातीतला माणूस, आमचा मार्गदर्शक. याच्या अनुभवातून आमचं ॲप घडतं.' भाऊंना जेवू घालून एसटीत बसवून दिलं.

मी त्याच संध्याकाळी अहवाल लिहिला, भाऊंची तक्रार जशीच्या तशी, काय बदलायचं तेही. सर म्हणाले, करू. आधी हा अनुभव मंडळाच्या बैठकीत मांडू, किती सुंदर उदाहरण आहे. मी आठ दिवसांनी विचारलं. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, जाहिरातीत आपण 'शंभराव्या दिवशी अचूक सूचना' असं छापलंय. एकदम बदललं तर लोक म्हणतील आधीचं चुकीचं होतं." मी म्हटलं, होतंच. त्यांनी डायरी काढली आणि हिरव्या पेनाने काहीतरी लिहिलं. फण्या टेबलावर काळ्या पडत चार दिवस होत्या, पाचव्या दिवशी झाडणाऱ्या मावशींनी टाकून दिल्या.

जानेवारीत व्हायचं तेच झालं. केंद्रातून गेलेला तीन ट्रक माल पिकलाच नाही. केंद्राच्या व्यवस्थापकांनी सगळ्यांना रावेरला बोलावलं. सर मला लॅपटॉप धरायला घेऊन गेले. पत्र्याची शेड, टाक्यांच्या पाण्यात फण्या तरंगतायत, बाया निवड करतायत, आणि कोपऱ्यातल्या केबिनमध्ये आम्ही. सुखदेवभाऊ दारात उभे होते. त्यांना खुर्ची दिली नव्हती.

व्यवस्थापक आधी सरांवरच चढले. तुमच्या ॲपने हे केलं का? सर शांत होते. त्यांनी फोन काढला आणि तो फोटो दाखवला.

"साहेब, आम्ही एसी केबिनमध्ये बसून काही ठरवत नाही. मुकादमांना विचारून ठरवतो. हे बघा, यांचा तर आम्ही जाहीर सत्कार केला. खाली काय लिहिलंय वाचा. यांच्या अनुभवातून ॲप घडतं."

व्यवस्थापकांनी फोन भाऊंपुढे धरला. "हा फोटो तुमचाच ना?"

"माझाच हाये."

"शाल घेतली ना?"

"घेतली साहेब. पण मी तं सांगाले गेलतो का…"

"माल कापला कोणी?"

"आमी कापला. मोबाईल म्हणला म्हणून कापला."

"मोबाईलला सांगितलं कोणी? तुम्हीच ना? फोटो आहे की."

भाऊंनी सरांकडे पाहिलं. ते काहीतरी बोलतील अशी त्यांची खात्री असावी. सरांनी डोळे मिटून घेतले होते. मग भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर लॅपटॉप होता. त्यात भाऊंच्या तक्रारीचा अहवाल होता, तारखेसकट. दोन कळा दाबल्या असत्या तर तो सगळ्यांसमोर आला असता. मी दाबल्या नाहीत. सरांकडची नोकरी होती, आईचा दवाखाना होता, शाल होती, काय वाटेल ते म्हणा. मी खाली मान घालून बसले.

त्या दिवसापासून भाऊंच्या टोळीला केंद्राचं काम बंद झालं. परतीच्या वाटेवर गाडीत सर म्हणाले, "वाईट वाटतं हो. पण मुकादमांनीही यातून शिकायला हवं." सरांची मला जेवढी घृणा आली तेवढीच स्वतःचीही आली, फक्त स्वतःची मी लवकर गिळली.

ती पचली नाही. तीन आठवड्यांनी मी सुट्टी टाकून एकटीच रावेरला गेले, अहवाल कागदावर छापून. व्यवस्थापकांनी तो दोनदा वाचला. चांगला माणूस होता, चेहरा पडला त्याचा. मग त्याने विचारलं, "ताई, हे त्या दिवशी तुमच्याजवळ होतं?"

"होतं."

"मग त्या दिवशी का नाही काढलं?"

मी अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवला आणि भाऊंच्या टोळीचं विचारलं. बऱ्हाणपूरची टोळी तोवर वर्षभराच्या बोलीवर आली होती. त्यांनाही पोटं होतीच. भाऊंच्या अकरा माणसांपैकी दोघं सुरतेला गेली, बाकीची जिथे मिळेल तिथे पांगली. मी जळगावला येऊन राजीनामा लिहिला आणि त्यात सगळं लिहिलं, फोटोसकट. सर वाचू लागले आणि त्यांचा हात छातीकडे निघाला. तो पोहोचायच्या आत मी बाहेर पडले.

आता मी धुळ्याला दुसऱ्या कंपनीत आहे. तिथे आमची मुख्य बाई चूक दाखवली की वैतागते, दोन शब्द सुनावते आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठवते. मला तिचा वैताग गोड लागतो.

गेल्या हिवाळ्यात मी सुखदेवभाऊंच्या गावी गेले. माफी मागायची होती, फोनवर मागवत नव्हती. घरी त्यांच्या पत्नी होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ते बागात गेले. सरांच्या."

"कोणत्या सरांच्या?"

"तुमच्याच की. झांबरेसर. त्यायच्या वडिलांची बाग हाये ना इथं, कॅनॉलच्या वरी."

बाग असल्याचं मला माहीत होतं, भाऊ तिथे असतील हे माहीत नव्हतं. चालत गेले. केळीच्या ओळींत दोघं पुढे चालले होते. पुढे भाऊ, मागे झांबरेसर, पँटच्या घड्या वर केलेल्या, हातात ना डायरी ना पेन. भाऊ एका घडाशी थांबले, मधल्या फणीतल्या केळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हा?" सरांनी विचारलं.

"नाही. बारा दिवस अजून."

"आणि ही ओळ?"

"हे पुरी ओळ मागं हाये. मोबाईल काय म्हणते?"

"ते सोडा हो भाऊ. तुम्ही सांगा."

भाऊंनी सांगितलं. सरांनी मान हलवली आणि ओळीच्या टोकाला विळे घेऊन बसलेल्या गड्यांना ओरडून सांगितलं, "या ओळीला हात लावू नका रे! भाऊ म्हणतील तेव्हाच." गडी उठून दुसरीकडे गेले. मी पाच वर्षं समजत होते की या माणसाला ऐकताच येत नाही. त्याला किती छान ऐकता येत होतं! एका शब्दात काम झालं, वाद नाही की सोहळा नाही. ओळीत उभी राहून मी ते पाहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सरांनी मला पाहिलं. "अरे वा, ताई! या, या." जणू काही झालंच नव्हतं.

मी त्यांच्याकडे वळलेही नाही. भाऊंना म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी माझ्याजवळ सगळं होतं. मी बोलायला हवं होतं. माझं चुकलं."

भाऊ अवघडले. "जाऊ द्या ताई. सरांनी बोलावलं ना मले. मी एकलाच येतो आता, टोळी नाही राह्यली. पण सर मानूस ऐकणारा हाये."

बांधाच्या पलीकडे दुसऱ्या कुणाची बाग होती. तिथे कापणी चालली होती. बऱ्हाणपूरच्या टोळीचा मुकादम एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने झाडं दाखवत होता, आणि घड खांद्यावरून ट्रॅक्टरकडे जात होते. माझ्याही फोनमध्ये ते ॲप अजून होतं. मी उघडून पाहिलं. शंभरच.

भाऊ बांधाशी जाऊन उभे राहिले. लांबूनच एका घडाकडे पाहून त्यांनी चुकचुकत मान हलवली.

"सर, हे बठ्ठे कवळे हायेत. त्याहिले सांगाले पाहिजे."

झांबरेसरांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हळूच परत आपल्या ओळीकडे वळवलं.

"तिकडे नका बघू भाऊ," ते म्हणाले. "आपलं बघा."